फुली मारलेला प्रश्न

'टु लूज हार्ट' म्हणजे धीर सोडणे, आशा सोडणे. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा, दोन मार्क. नाशकात शालिमारला पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या मी तीन गाइडं चाळली. तिन्हींत वाक्य एकच: तो नापास झाला, पण त्याने धीर सोडला नाही. अरे, जगात दुसरं कोणी नाहीच का? क्रिकेटवाले हरत नाहीत? दरवेळी नापासच कशाला लागतो तुम्हाला? मी इंग्रजीत दोनदा आपटले होते, एकदा मार्चला, एकदा ऑक्टोबरला. ते वाक्य दिसलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

मला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी पास हवी. वडील सातपूरला कंपनीत होते. त्यांनी बजावून सांगितलं, "हा फॉर्म शेवटचा. नाही जमलं तर शिवणक्लास लाव."

आणि पेपरात नेमकं तेच आलं. असा संताप आला म्हणून सांगू! नाही लिहीत जा, म्हटलं, आणि प्रश्न कोरा सोडला.

वडील रजा टाकून गेटबाहेर उभे होते. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, तरी एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारायचे, "हा सोडवलास?" त्या एकाच प्रश्नावर त्यांनी पेनने फुली मारली.

जूनमध्ये निकाल लागला. ग्रेस धरूनही एका मार्काने गेले. एका! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वडिलांनी कपाटातून ती प्रश्नपत्रिका काढली, चष्मा लावला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"हे येत होतं का तुला?"

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं मी.

"नव्हतं येत," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि कागदाची घडी घातली. मला वाटलं, संपलं सगळं.

"येत नव्हतं, त्यात तुझी काय चूक?" ते म्हणाले. "येत असून सोडलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, बास झालं." चपला घालून ते नवा फॉर्म आणायला गेले.

त्या ऑक्टोबरला मी सुटले. पुढे नोकरी लागली. पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून मी बाहेर आले, तेव्हा वडील दारात शेजाऱ्यांना सांगत होते, "नापास झाली, पण पोरीने धीर सोडला नाही."

मी चहा ठेवते म्हणाले आणि आत निघून गेले.