सरांच्या आवाजात दिलेला शब्द

माह्या नोकरीचं नाव रेस्पिरेटरी थेरपिस्ट. पिपरी मेघेतल्या माह्या घरमालकिणीले ते काही केल्या समजेना. शेवटी म्हटलं, "काकू, मी श्वासाचा मेकॅनिक आहो." तेव्हापासून तिचा मिक्सर बिघडला तरी मलेच हाक येते.

दुसरा धंदा नकलांचा, शाळेपासूनचा. हेडमास्तर, एस.टी.चा कंडक्टर, व्हेंटिलेटरचा अलार्म, सगळे येतात. अलार्म एकदा काढला तं सिस्टर पळत आली, अन् मंग तिनं मले पळवलं. पण झकास जमतात ते आमचे आयसीयूचे मोठे सर. पुण्याकडचे. आधी घसा खाकरणार, मंग "हे बघा".

एक दिवस सकाळी सिंदीची एक आजी आली. अर्धं आयुष्य जिनिंगच्या कापसाच्या धुळीत गेलं, उरलेलं चुलीपुढं. फुप्फुसं थकलेली, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून राह्यला होता. सरांनी तोंडावर घट्ट मास्क लावला, मशीननं हवा आत ढकलणारा. जाता जाता सांगून गेले, दोन तास मास्क टिकला अन् रक्ताचा रिपोर्ट सुधरला तं ठीक, नाई तं घशात नळी टाकून व्हेंटिलेटर.

अन् आजी दोन मिनिटं मास्क ठेवेना.

"आजी, काऊन काढता?"

"जीव घाबरते, बाबू. कोणी तोंड दाबून धरल्यावानी वाटते."

तिच्या पोराले भेटायले आत सोडलं, तं त्यानं मायची दया येऊन पट्टाच सैल केला. हवा फुर्र करून गालावरून बाहेर. मी आवळला, तिनं काढला. मी या पायावरून त्या पायावर. घड्याळ पाहे, मॉनिटर पाहे, पुन्हा घड्याळ.

मंग मी पडद्यामागं गेलो अन् घसा खाकरला. "हे बघा आजी, मास्क अजिबात काढायचा नाही."

आजीचा हात खाली. पोरगा एकदम ताठ उभा. तिथंच थांबाचं होतं. पण नक्कल जमली का माही जीभ थांबत नाई. "दोन तास ठेवा, नळी लागणार नाही. माझा शब्द."

पोरानं पडद्याकडं पाहून हात जोडले.

तवापासून माहे हात रिकामे नाई. मशीनची पाण्याची बाटली बदलली, नसलेली धूळ पुसली, दर पाच मिनिटाले ऑक्सिजनचा आकडा पाहिला. सिस्टर म्हणे, "बस ना रे एका जागी. मुंग्या चावून राह्यल्या का तुले?" आजी मात्र शहाण्या पोरीवानी शांत.

दोन तासांनी मनगटातून रक्त घेतलं. कार्बन डायऑक्साइड वाढला होता. मले जे शहाणपण वाटलं, ती अर्धी त्याच वायूची गुंगी होती.

सर आले, रिपोर्ट पाहून त्यांनी नळीची तयारी सांगितली. पोरगा पुढं आला. "सर, तुम्ही तं सकाळी पडद्यामागून शब्द देल्ला होता. नळी लागणार नाई म्हणून."

सरांनी पडद्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं. मी मशीनचा पाइप उगाच सरळ करून राह्यलो होतो.

"तो शब्द द्यायला नको होता. माफ करा," ते म्हणाले. घसा खाकरला नाई. मंग मले बाजूले घेऊन, "आता त्यांना तूच समजाव. पाच मिनिटं आहेत."

बाहेर पोरापुढं उभा राह्यलो. "भाऊ, सकाळी बोल्लो तो मी होतो. सर नव्हते. तिनं मास्क ठेवावा म्हणून बोल्लो, अन् जास्त बोल्लो."

त्यानं एखादी कानाखाली ठेवून दिली असती तं बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "मंग आता खरं काय समजू?"

"नळी टाकली नाई तं श्वास थांबू शकते. टाकली तं छातीले आराम भेटन. कधी निघन, निघन का नाई, ते मले माहीत नाई."

"नक्की माहीत नाई?"

"नाई."

त्यानं पेन मागितला, संमतीच्या कागदावर सही केली. कागद मले देताना म्हणे, "तिले सांगजो, मी दारातच उभा आहो. तुह्याच आवाजात सांगजो."

मी आत गेलो, आजीच्या कानापाशी वाकलो अन् सांगितलं.