वादीच्या अलीकडचा दिवस

नैरोबीचं विमान संध्याकाळचं होतं आणि आम्ही दुपारी जेवून लगेच निघालो. नवरा म्हणाला, "अगं, विमानतळ झाडायला बोलावलंय का आपल्याला?" मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका शाळेच्या बसगाड्यांचं काम मी बघते. त्या कामात लवकर निघणाऱ्याला कुणी नावाजत नाही, पण उशिरा पोचलेल्याला सगळे ओळखतात.

मागच्या सीटवर मुलगी होती. दहावीनंतर तिने मोबाइल मागितला नाही, सोन्याचं काही मागितलं नाही; आफ्रिकेतले प्राणी बघायचे म्हणाली. गळ्यात नवी कोरी दुर्बीण होती. ती तिने सकाळपासून काढली नव्हती, जेवतानाही नाही. माझी बहीण आणि तिचा नवरा नाशिकहून आधीच नैरोबीला पोचले होते. दोन्ही कुटुंबांत मिळून एक व्हॅन ठरवलेली. ती दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलाकडे निघणार होती आणि कुणासाठी थांबणार नव्हती. हे विमान चुकलं तर पुढचं थेट परवा. म्हणजे अर्धी सहल गेली.

आमच्या वस्तीतून हमरस्त्याला लागायचं तर वादी ओलांडावी लागते. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी नदी, पण वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात नुसते गोटे असतात. पोरं तिथे क्रिकेट खेळतात. पूल नाही, रस्ता पात्रातूनच जातो. आमच्या डोक्यावर कडक ऊन होतं. ढग होते ते लांब, डोंगराच्या माथ्यावर. वळण घेतलं आणि समोर रस्ताच नव्हता. दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी आडवं धावत होतं.

पात्राच्या कडेने खांब आहेत, खाली पांढरे, वर लाल. पाणी लाल रंगाला टेकलं की गाडी घालायची नाही. मी मुलीच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि मधल्या खांबावर लावली.

"टेकलंय," मी म्हटलं.

"कुठे टेकलंय? लाल रंग दिसतोय की सगळा," नवरा म्हणाला.

"खालची कड बुडतेय."

"बोटभर!"

"माझ्या ड्रायव्हरांना मी बोटभरही सोडत नाही."

"आपण काय शाळेची बस आहोत का?"

तेवढ्यात बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. "जय भीम ताई! निघालात का? इथे स्वेटर घालून बसलोय. या लवकर तुमच्या भट्टीतून."

"वादी आलीय," मी म्हटलं.

"कोण आलंय?"

"नदीला पाणी आलंय."

"मस्कतला नदी आहे?" तो हसायला लागला. मी फोन नवऱ्याकडे दिला.

आम्ही थांबलो. पाणी कमीही होईना, वाढेना. नवरा दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होता. मुलगी पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली, मी हाक मारली की एक पाऊल मागे यायची.

मग मागून एक उंच जीप आली. आत पांढऱ्या डिशडाशातला, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातला, साठीचा माणूस. आमच्या गाडीतल्या बॅगा बघून त्याने काच खाली केली आणि इथले जुने लोक बोलतात तशा हिंदीत विचारलं, "किधर जाना?"

"एअरपोर्ट," नवरा म्हणाला.

"यल्ला, बैठो. अपनी गाडी इधर छोडो. ये पानी कुछ नहीं. मैं इधर का आदमी."

भला माणूस होता. ओळख ना पाळख, आमच्यासाठी थांबला होता. नवऱ्याने लगेच डिकी उघडली. मी बॅग धरून ठेवेपर्यंत मुलगी पलीकडून जीपमध्ये चढूनही बसली होती.

"खाली उतर," मी म्हटलं.

"मम्मा, ते इथले आहेत. त्यांना माहिती आहे. तू नेहमी असंच करते."

"उतर."

"सिस्टर, डरो मत," तो माणूस म्हणाला. "इन्शाल्ला, दो मिनट."

शब्द चांगला आहे. पण त्याच्या भरवशावर मी आजवर एकही बस सोडलेली नाही.

नवरा जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "हे बघ, आम्ही दोघं जातो. तू गाडी घेऊन घरी जा. परवाच्या विमानाने ये." तो चिडून बोलत नव्हता. तोडगा काढल्यासारखं बोलत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाला गप्प करता येतं. तोडगा काढणाऱ्याच्या हातात बॅग असते आणि एक पाय जीपमध्ये.

वाद घालायला वेळ नव्हता आणि परक्या माणसासमोर मला तो घालायचाही नव्हता. तिघांचे पासपोर्ट माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होते. प्रवासात ते कायम माझ्याकडेच असतात. मी पर्स पोटाशी ओढली.

"पासपोर्ट माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "आणि मी जीपमध्ये बसणार नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने बॅग खाली ठेवली. मुलगी उतरली आणि दुसऱ्याच्या जीपचा दरवाजा एवढ्या जोरात लावला की मला माफी मागावी लागली. "खलास, खलास," म्हणजे झालं, सोडा, असं म्हणत त्या माणसाने हात हलवला आणि जीप पाण्यात घातली.

मध्यावर पाणी तिच्या दरवाजांना लागलं. मागची बाजू जराशी सरकली. तो माणूस सुखरूप पलीकडे जावा असंच मला वाटत होतं, हे नोंदवून ठेवते. जीप सरळ झाली, पाणी ओघळत पलीकडच्या चढावर चढली. त्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो गेला.

"बघितलं?" मुलगी म्हणाली.

बघितलं होतं. आम्ही तिघंही त्या जीपमधून पलीकडे गेलो असतो आणि आमचं विमान चुकलं नसतं, हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

नवरा गाडीत एसी लावून बसला. मुलीने दुर्बीण परत घेतली आणि माझ्याकडे पाठ करून वादीकडे लावली. मी थेपल्यांचा डबा उघडून बॉनेटवर ठेवला. कुणी हात लावला नाही.

उन्हं कलली तेव्हा एक छोटी गाडी आली. आमच्याच वस्तीतला रत्नागिरीचा माणूस, शेजारी बायको, मागे दोन लहान मुलं. तो मस्कतच्या हमरिया भागात दुकान चालवतो, तोंडओळख होती. त्याने नवऱ्याला विचारलं, "काय हो, कुणी गेलं का इथून?"

"एक जीप गेली," नवरा म्हणाला. खरं तेच बोलला.

"मग हळूहळू काढू आपण पण," असं म्हणून त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी त्याच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"अंकल, नको. मघाशी खांब होते."

"कसले खांब?"

"लाल. जीप गेली तेव्हा लाल दिसत होता. आता खांबच नाही दिसत." तिने गळ्यातली दुर्बीण काढली आणि खिडकीतून त्याच्या हातात दिली. "बघा ना. मधले दोन गेले."

त्याने बघितलं. मग बायकोने बघितलं, आणि ती म्हणाली, "मागे घ्या. आत्ताच्या आत्ता मागे घ्या."

त्याने गाडी मागे घेतली. मुलगी दुर्बीण घेऊन आमच्या गाडीपाशी आली. वडिलांना म्हणाली, "पप्पा, मावशीला सांगा, आमच्यासाठी थांबू नका, व्हॅनने निघा म्हणून." आणि गाडीत बसता बसता बॉनेटवरच्या डब्यातून एक थेपला उचलून घेतला.

आम्ही घरी परतलो. बॅगा दारातच ठेवल्या, पर्समधले पासपोर्ट मी बाहेर काढले नाहीत. परवाच्या विमानाला आपण सकाळीच निघणार आहोत, असं मी सांगून टाकलं. विमान संध्याकाळचं होतं. यावेळी विमानतळ झाडायला का, असं कुणी विचारलं नाही.