राखणीची हाक

भोंग्याला बसून चहा पिता येत नसे. कप हातात दिला की ती उठे, दारापर्यंत जाई, परत येई, चमचा बशीवर वाजवी, आणि तिसऱ्या फेरीला अर्धा चहा अंगणात सांडलेला असे. "अगं टेक की जरा," म्हटलं तर म्हणे, "बसलं की मला मुंग्या येत्यात, मावशी." कवठे महांकाळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पोर. लहानपणी ती माळावर ओरडली की कारखान्याचा भोंगा झाला असं समजून रानातली माणसं भाकरी सोडायला बसत, असं ती स्वतःच सांगे. ते किती खरं ते बिरोबाला ठाऊक. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती आमच्याकडे आली बेदाण्याच्या शेडमुळे. वर पत्रा, आत जाळ्यांचे मजले, बाजूंनी हिरवं कापड. द्राक्षं पिकेपर्यंत ते रिकामंच असतं. माझे मालक वारल्यापासून घरचा कारभार धाकट्या दिरांकडे आहे. सैन्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे ही पोर टेम्पोभर सामान आणि सांगलीची तीन मुलं घेऊन उभी राहिली. मी दाराआडून ऐकत होते.

"शेडात काय करनार?" भाऊजींनी विचारलं.

"गाणी करायची हायती, काका. महिनाभर."

"भजनी मंडळ हाय व्हय?"

"न्हाई. आमी ओरडतो."

भाऊजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओरडा. पर माल आला की त्या दिवशी शेड मोकळं पायजे."

त्यांच्या बँडचं नाव करपा. करपा म्हणजे वेलीवरचा रोग, पान जाळत जाणारा. असलं अभद्र नाव बागेत घेऊ नये, असं मी तिला हळूच सांगितलं. ती हसली. "म्हणून तर ठेवलंय. एकदा लागला की सुटत न्हाई." त्या संगीताला पंक म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, "जे बोचतंय ते अडीच मिन्टांत सांगून मोकळं व्हायचं. नटवायचं न्हाई." याआधी त्यांनी दोन अल्बम केले होते. ते सांगलीतल्या कॉलेजच्या शंभरेक पोरांनी ऐकले, बाकी कुणी नाही. हा तिसरा चालला नाही तर ढोल वाजवणाऱ्याला वडील पुण्याच्या नोकरीत घालणार होते, आणि मग करपा संपणार होता.

मी दुपारची भाकरी घेऊन शेडात जाई आणि कोपऱ्यात उभी राही. गाणं मला कळत नसे, पण तिचं काम बघायला आवडे. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी आमच्या वाकळा जाळ्यांवर टाकल्या होत्या. चौथ्या दिवशी तिने त्यातल्या अर्ध्या ओढून काढल्या. "पत्रा वाजू दे. पत्र्याखाली बसलोय न्हवं आपण?" गाणं सुरेख जमलं, मुलं खूश झाली, की ही डोकं हलवायची. "लय गुळगुळीत झालं. परत." एक गाणं मुलगी बघायला येणाऱ्यांवर होतं. 'चहा माझा, कप माझा, उत्तरबी माझंच' असं त्यात होतं. ते तिने एकोणीस वेळा म्हटलं आणि घोगरा झालेला शेवटचा आवाज ठेवला. मला ते ऐकून हसू आलं. मग घरी येऊन भांडी घासताना उगीचच डोळे भरले.

त्या दिवसांत मी शेडाशेजारच्या आमच्या बागेत राखणीला असे. घड गोड व्हायला लागले की साळुंक्या आणि पोपट थव्याने उतरतात. मग एका हाताने डबा बडवायचा आणि हाक घालायची. एके दिवशी सकाळी मी अशीच हाक घातली आणि शेडातलं वाजप एकदम थांबलं. काहीतरी बिघडलं असं वाटून मी डबा टाकून वेलीआड झाले. भोंगा धावत आली. पायात चप्पल नाही, कानाला वायरी लोंबत होत्या.

"आत्ता कोण वरडलं?"

"चुकलं बाई. पाखरं हुती."

"आवं, चुकलं काय! गाण्यात आलंय त्ये. आमी सगळी वाद्यं थांबवली आन् नेमकी त्याच जागंला तुमची हाक. माझ्या अंगावर काटा आला, बघा." तिने मनगट माझ्यापुढे धरलं. खरंच काटा होता.

त्या हाकेची गोष्ट सांगायला पाहिजे. माझं माहेर मेढ्याच्या वर, डोंगरात. तिथे एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला निरोप द्यायचा तर दरी उतरून चढण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून हाक घालतात. पोटातून काढायची, वाऱ्यावर सोडायची, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबायचं. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दरीखाली होती. पण हाक घालण्यात आमच्या वाडीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न होऊन इकडे सपाटीला आले. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, रानातल्या माणसांना जेवायला बोलव. मी बोलावलं. तीन वस्त्यांवरची माणसं काय झालं म्हणून धावत आली. बायका पदरात तोंड घालून हसल्या. पुढे वर्षभर मला पाहिलं की पोरं कानावर हात ठेवत. तेव्हापासून माझा आवाज बसला तो बसलाच. राखणीला तेवढी हाक घाले, कारण ते काम असतं. कामाला कुणी हसत नाही.

हे सगळं मी भोंग्याला वेलीआड उभी राहून सांगितलं. इतकं मी कुणाशी बोलले नव्हते. ती पहिल्यांदाच हलली नाही. मग म्हणाली, "तुमचं नाव काय, मावशी? अल्बमवर लिवायचंय."

मी दोन पावलं मागे सरले. "नगं बाई. हाक ठेव तुला पायजे तर. पर नाव कुठं काढू नगंस. भाऊजींना कळलं तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

"गप बसायला काय, दगडालाबी येतं."

"मग हू दगड. घाल बिरोबाची आण."

तिने खूप वेळ पायाने माती उकरली. मग आण घातली. पहिला माल आला त्या सकाळी शेड झाडून, वाकळा घड्या घालून ते निघून गेले. अल्बमचं नाव 'राखण' ठेवलं होतं.

पुढे जे झालं ते आम्ही फोनमधून पाहिलं. कुणीतरी त्या हाकेवर ट्रॅक्टर रिव्हर्स काढतानाचा व्हिडिओ टाकला. मग कबड्डीवाल्यांनी टाकला. मग वरातीत, जिममध्ये, कुठे कुठे. मुंबईच्या कंपनीने अल्बम घेतला. आमच्या नातीच्या वर्गातल्या मुलींना तो पाठ झाला. गावात पारावर एक म्हातारा म्हणाला, "ही गानी हायत व्हय? गिरनीचा पट्टा तुटल्यागत वाटतंय." दुसरा म्हणाला, "पर त्यो मधला आवाज तेवढा खरा हाय, बरं का." मी डोक्यावर घमेलं घेऊन तिथूनच चालले होते. पदर आणखी खाली ओढला.

सगळ्यांना वाटे, ती हाक भोंग्याचीच. आणि घोळ तिथेच झाला. कार्यक्रमात लोक तीच मागत. ती घालायला जाई आणि आवाज फाटे. माळावरची हाक मेंढरांसाठी असते, ती तुटक तुटक असते. दरी ओलांडणारी हाक वेगळी, ती लहानपणीच गळ्यात बसावी लागते. लोक शिट्ट्या मारत. मशीनमधला आवाज आहे, फसवलं, असं लिहीत. ज्या शंभर पोरांनी तिला आधी डोक्यावर घेतलं होतं, ती म्हणू लागली, "भोंगा विकला गेला." एवढंच सांगायचं होतं की हाक दुसऱ्या बाईची आहे. पण मग कुणाची, असं लोक विचारणार, म्हणून तिने सांगितलं नाही. ओरडत राहिली.

आणि एक दिवस ती आमच्या दारात आली, गळ्याभोवती मफलर. मिरजेच्या डॉक्टरांनी महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं होतं. बोललीस तर गाणं विसर, असं सांगितलं होतं. पंधरा दिवस ती माझ्याकडे राहिली. काय ते दिवस! ती अंगणात येरझाऱ्या घाली, खांब बडवी, नातीच्या पाटीवर लिहून दाखवी, आणि मी, जिला दारात माणूस आलं तरी बोलता येत नाही, ती दिवसभर बोलत असे. बोललं नाही तर तिच्या त्या गप्प राहण्याने घर खायला उठे. एकदा मी म्हटलं, "माझ्यापायी झालं ह्ये." तिने पाटीवर लिहिलं, "आण मी घातली. तुमी न्हाई." मग पुसून लिहिलं, "चहा?"

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, सांग सगळ्यांना. शब्द दातांपर्यंत आले होते. बाहेर भाऊजी खोकले आणि मी ते गिळले.

आवाज परत आला, पण पूर्वीसारखा नाही. मग सांगलीला मोठा कार्यक्रम झाला. कंपनीने तिला सांगितलं होतं की त्या जागी रेकॉर्ड लावून टाक. ती नाही म्हणाली. मी सुनेबरोबर गेले, बायकांच्या मागच्या रांगेत उभी राहिले. ते गाणं आलं. ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली आणि भोंगा नुसती उभी राहिली. हात खाली, तोंड मिटलेलं. जिला मुंग्या येत, ती खांबासारखी उभी. लोक आधी गोंधळले, मग आपापल्या परीने ओरडले. ती बायकांच्या बाजूला बघत होती. माझ्या पोटातून हाक वर आली, मी पदर तोंडाशी दाबून धरला. सून म्हणाली, "आत्या, घाम किती आलाय तुम्हांला!" तोवर ढोल सुरू झाला होता.

कार्यक्रमानंतर ती मागे येऊन माझ्या पाया पडली. "आलासा, लय बरं वाटलं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मुंबईला गेली ती गेलीच. ढोलवाला पुण्याला गेला नाही, तोही तिच्याबरोबर गेला.

याला तीन वर्षं झाली. ह्या हंगामात मी राखणीला होते. भाऊजी बांधावर येऊन बसले होते. पोपट उतरले, मी हाक घातली. भाऊजी तंबाखू मळत म्हणाले, "वहिनी, तुमची हाक गाण्यात लांब वाटतीय. हितं जवळनं लय कडक लागतीय."

माझ्या हातातला डबा पडला.

"अवं, चाळीस वर्सं ऐकतोय. मला कळायचं न्हाई व्हय? पयल्याच दिवशी वळखलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी बोलला न्हाई. म्हटलं, तुमाला नसंल आवडत." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "माझ्या फोनला त्योच आवाज लावलाय. तुमच्या म्होरं फोन वाजू देत न्हाई, एवढंच."

मी कुणाच्या भीतीने त्या पोरीचा गळा फाटू दिला? ह्या प्रश्नाने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नातीकडून फोन लावून घेतला. भोंग्याचा आवाज खरखरीत झाला आहे, मधे मधे तुटतो. मागे काहीतरी टकटक वाजत होतं. तिचाच चमचा असणार.

"पोरी, आण सुटली," मी म्हटलं. "सांग सगळ्यांना. माझं नाव यमुना."

टकटक थांबली.

"मावशी, आता नावानं काय व्हनार? मी ती जागा अजून मोकळीच ठेवतीया. दर कार्यक्रमाला. लोकांना वाटतंय, ही माझी स्टाईल हाय." ती हसली, मग खोकली. "साताऱ्याला येतोय आमी, पाडवा झाल्यावर. मेढ्याच्या वाटंवरच हाय की. तुमीच या आन् घाला."

माल निघाला, पाडवा जवळ आला. बेदाणा शेडात सुकतो आहे. बागेत आता राखण करावी असा एकही घड नाही. तरी मी रोज दिवस कलताना बांधावर जाते आणि हाक घालते. काल तीन वस्त्यांवरची माणसं बाहेर येऊन बघत होती. मी पदर खाली ओढला नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून थांबले.