डायनासोरची पाठदुखी

मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल तापलं की मला दवनीवाड्याची आमची पडवी दिसते. स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं होती. जबलपूरकडे जीवाश्म खोदायला जाणाऱ्या मामानं डायनासोरचं दगड झालेलं हाड दाखवायला आणलं होतं. त्यात दोन मणके चिकटून एक झाले होते. "म्हातारपणी पाठ बहुत दुखली असन याची," मामा म्हणाला. दिवसभर वाकून धान रोवून आलेली आई त्या गाठीवरून बोटं फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, याच्या पाठीले तेल कोन लावत होता?" मामा हसला. बाबा मात्र उठले, आणि कधी चुलीजवळ न जाणाऱ्या त्या माणसानं तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली. आता माझेही मणके तसेच जुळलेत. तेल लावताना हात मागे पोचत नाही, तेव्हा मला त्या जनावराचीच आठवण येते.