पुढच्या गाडीचा उजवा दिवा

मंगळवारी सकाळी माझी पत्नी भिंगारला शाळेत शिकवायला गेली. दुपारी शाळेतून फोन आला. मी पोचलो तेव्हा ती गेली होती.

तिची गाडी कुणीतरी सावेडीला आणून आमच्या इमारतीखाली लावली. कुणी, ते मला अजून ठाऊक नाही. किल्ली दुसऱ्या दिवशी फ्रिजवर सापडली. मला गाडी चालवता येत नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आधी सायकलने आणि गुडघे बोलू लागल्यावर रिक्षाने. घरातली गाडी तिची. ती मला कुठे सोडायला आली की ओळखीचे लोक टोमणा मारायचे, "काय सर, आज मालकीणबाईंनी सोडलं वाटतं?" ती काच खाली करून म्हणायची, "हो, नाजूक सामान आहे, जपून उतरवून घ्या."

महिन्यातून एकदा आम्ही मिरजगावला जायचो. तिथे तिची आई एकटी राहते. मी सासूबाईंना मामी म्हणतो. मामींच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज येते आणि त्यासाठी नगरच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. सकाळी त्यांना घेऊन यायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. मामी पुढे लेकीशेजारी बसायच्या. मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन.

तेराव्यानंतर इंजेक्शनची तारीख आली, तेव्हा मी मामींना फोन केला. गाडी ठरवून आणतो म्हणालो.

"नगं पाव्हणं," त्या म्हणाल्या. "लेक हुती तवर ठीक हुतं. आता जावयाला राबवायचं म्हंजी कसं दिसतं? आन् आता बघायचं तरी काय राह्यलंय?"

ती तारीख गेली. पुढचीही गेली. मी एकटाच डॉक्टरांकडे जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, गेलेली नजर आणता येत नाही, असलेली राखता येते, पण त्यांना घेऊन या.

मी बरेच दिवस यावर विचार करत राहिलो. ठरवून आणलेली गाडी म्हणजे जावयाचे उपकार, आणि ते मामी घेणार नाहीत. पण घरची गाडी दारात आली की आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. घरची गाडी म्हणजे येणं-जाणं. त्यात कुणी कुणाचं काही घेत नाही. घरची गाडी खाली उभी होती. तिच्यावर धूळ बसली होती आणि मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने फूल काढलं होतं. मी लर्निंग लायसन्ससाठी अर्ज भरला.

लायसन्सच्या आधी लेखी परीक्षा असते. लेखी म्हणायचं, असते संगणकावर. आमची मुलगी बंगळूरला असते. तिने प्रश्नसंच मोबाईलवर पाठवला आणि रोज संध्याकाळी फोन करून ती प्रश्न विचारू लागली. मला वाटतं, तिलाही बोलायला काहीतरी हवं होतं. आईविषयी आम्हाला बोलता येत नव्हतं. चौकातल्या पिवळ्या दिव्याविषयी येत होतं.

"अरुंद पुलाजवळ समोरून गाडी आत शिरतेय. काय करशील?"

"पूल किती अरुंद आहे?"

"बाबा!"

"म्हणजे दोन गाड्या मावतील असा, की—"

"बाबा, तू पर्याय निवडायचाय, प्रस्तावना नाही लिहायची. वेळ संपली. मेलास तू."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुढचा विचारू?" मी म्हणालो, "विचार."

माझी अडचण ही होती की मला प्रश्न वाचताना प्रश्नच आवडू लागायचा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी का? रात्री समोरून कुणी आलं तर आपला प्रकाश खाली करावा का? जन्मभर पुस्तकं हाताळली, पण इतक्या साध्या वाक्यांत इतक्या लोकांची काळजी एकत्र पाहिली नव्हती. आंधळा माणूस पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडत असेल तर काय कराल, असाही एक प्रश्न होता. तिथे मी दर वेळी अडखळायचो. उत्तर येत होतं, तरीही.

परीक्षेच्या दिवशी मी लवकर गेलो. बाकावर माझ्या शेजारी बसलेली मुलं एकमेकांना मोबाईल दाखवून हसत होती. मी मात्र खिशातला चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होतो. पडद्यावर प्रश्न यायचा आणि कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जायचे. दोन प्रश्न वाचता वाचताच गेले. मग एक प्रश्न आला आणि मला बरं वाटलं, कारण त्याचं उत्तर मला पुस्तकाशिवाय येत होतं. पुढच्या वाहनाने उजवा इंडिकेटर लावला आहे. तुम्ही काय कराल?

गळीत हंगामात मिरजगावच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मालाचे ट्रक असतात. पुढच्याने उजवा दिवा लावला की ती म्हणायची, "बघा, म्हणतोय, ये बाई पुढं." आणि थोड्या वेळाने आम्ही त्याच्या पुढे गेलेलो असायचो. कितीदा ऐकलं असेल मी हे, पुस्तकातून मान वर न करता. मी खात्रीने बटण दाबलं: उजव्या बाजूने पुढे जाईन.

चूक. पुस्तकाप्रमाणे तो उजवीकडे वळणार असतो. मी त्याच्या अंगावर गाडी घातली होती. एका गुणाने नापास झालो.

मुलीला मी लगेच कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने मिरजगावला गेलो. मामी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पण तोंड माझ्या जरा डावीकडे केलं. मी तिथे नव्हतो. त्यांना मी नीट दिसत नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

चहा झाल्यावर मी परीक्षेचं सांगितलं. का देतो आहे तेही.

"तुमी?" त्या म्हणाल्या. "गाडी? आन् नापास? येवढी बुकं वाचून?"

"एका प्रश्नाने."

"कोनत्या?"

मी उजव्या दिव्याचं सांगितलं. त्या हसायला लागल्या. लेक गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावून हसल्या, मग तोच डोळ्यांना लावला.

"आवो, ती म्हनायची तसं. पन निस्ता दिवा बघून ती कधी गेली न्हाई. थांबायची. डायवर हात भाईर काढून हालवतोय का बघायची, आन् मगच जायची. तुमी मागं वाचत बसायचा, तुमाला काय दिसनार?"

मी ढिगातली एक शेंग उचलून फोडली.

"मला इचारायची, 'आई, हात दिसला का गं?' तिला सोताला दिसायचा की. माजी परीक्षा घ्यायची ती. मी दिसला म्हनलं तर खूश. मंग डाक्टरला सांगायची, मागल्या बारीपरीस बरं हाय म्हनून."

"तुम्हाला दिसायचा?"

"कधी दिसायचा. कधी न्हाई दिसला तरी म्हनायचे दिसला." त्या जरा थांबल्या. "तिला कळत आसंल ते बी."

ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मग मामी म्हणाल्या, "इचारा बरं मला. बघू तुमची परीक्षा कशी आसती."

मी मोबाईल काढला. दवाखान्याजवळून जाताना काय कराल?

"हारन वाजवायचा. न्हाईतर लोकांना कळंल कसं?"

"चूक. तिथे हॉर्न वाजवायचा नसतो."

"मंग आमी बी नापास," त्या म्हणाल्या. "दोघं बी एका वर्गात. फुडचा?"

पुढचा प्रश्न पांढऱ्या काठीचा होता. मी तो सोडून देणार होतो. पण माझ्या थांबण्यावरून त्यांनी काहीतरी ओळखलं आणि म्हणाल्या, "वाचा की." मी वाचला.

मामींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "गाडी उभी करायची," त्या म्हणाल्या. "त्यो पार जाईस्तवर." आणि मग, वर न पाहता, "डाक्टरची तारीख कवाची हाय?"

"तारीख आपण घेऊ तेव्हाची. पण लायसन्सला अजून—"

"तुमी पास हुयाला ईळ लागंल, पाव्हणं. तवर यष्टीनं जाऊ. पायरी उंच आसती, हात धरावा लागंल. चालंल न्हवं तुमाला?"

त्या मला आतापर्यंत कधी हात धरू देत नव्हत्या. गाडीतून उतरताना लेकीचा धरायच्या, ती नसली तर दाराचा आधार घ्यायच्या. मी म्हणालो, चालेल.

पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीने नगरला आलो. वाहकाने घाई केली तेव्हा मामींनी त्याला सुनावलं, "थांब की रं बाबा, पांढरी काठी हाय आसं समज." त्याला काही कळलं नाही, पण तो थांबला.

दुसऱ्या वेळी मी पास झालो. मुलगी फोनवर ओरडली. उजव्या दिव्याचा प्रश्न पुन्हा आला नाही. आला असता तर पुस्तकातलं उत्तर दिलं असतं. लर्निंगवर गाडी चालवताना शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी सकाळी माझ्याबरोबर येतात आणि सावेडीतल्या रिकाम्या रस्त्यावर मला गिअर बदलायला लावतात. काचेवरचं फूल मी पुसलं. मिरजगावला अजून आम्ही एसटीनेच जातो-येतो.

मामींच्या उजव्या डोळ्याने आता उजेड तेवढा कळतो. डाव्याने रस्त्यापलीकडचा माणूस दिसतो, त्याने हात वर केला तर तोही दिसतो. तेवढं राहिलं आहे.