दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप द्यायचं, तरी ते काही न बोलता टेप जरा सैल धरत. असा हा शांत शिंपी हल्ली एका बदकावर दातओठ खात होता.

बदक म्हणजे फोनवरच्या बुद्धिबळातला एक भिडू. नावगाव माहीत नाही, फक्त पिवळ्या बदकाचं चित्र. मास्तर हरले की ते हसरा चेहरा पाठवी. मग मास्तर म्हणत, "आता एकच." त्यांचं हे 'एकच' कुठे संपतं, ते देवालाही सांगता आलं नसतं. रेटिंग घसरलं की ते भरून काढायला खेळायचं, आणि भरून काढताना आणखी घसरायचं. बुडत्या धंद्यात भांडवल ओतणाऱ्याची जी गत, तीच मास्तरांची.

"राजा तिकडे मेला," काजं करता करता बायको विचारी, "इकडे तुमचं जेवण का थांबलंय?"

"मेला नाही गं. वेळ संपली."

"तेच ते. माणसांचंही तसंच होतं."

अशात शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं कापड घेऊन आल्या. मास्तरांना पहिलीत त्यांनीच शिकवलेलं. आता त्या निवृत्त होत होत्या आणि निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना हा कोट घालायचा होता. राखी लोकरीचं कापड, त्यांच्या भावाने कधीतरी हौसेने आणलेलं. भाऊ गेला, कापड पेटीत राहिलं.

"एवढंच आहे रे," बाई म्हणाल्या. "वाया गेलं तर दुसरं आणायला आता तो नाही."

कापडाचा पन्हा अरुंद. दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येईनात. एक कापायची, मग कागदी साचा उलटा ठेवून दुसरी. मास्तरांनी पहिली बाही सुरेख कापली. इस्त्री तापायला वेळ होता, म्हणून एकच डाव लावला.

डाव हातात आला होता. बदकाचा राजा कोपऱ्यात अडकलेला. मास्तरांनी वजीर सरकवला, बोट घसरलं आणि वजीर एक घर अलीकडेच उतरला, थेट घोड्याच्या तोंडात. वर हसरा चेहरा आला. मास्तरांनी फोन आपटला, कात्री उचलली आणि त्याच तिरमिरीत दुसरी बाही कापली.

बायकोने दोन्ही बाह्या कोटाच्या अंगाला लावून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या.

"अहो, या दोन्ही डाव्या आहेत."

"एक उलटी करून बघ."

"उलटी केली की कापडाची उलटी बाजू वर येते. हे मी तुम्हाला सांगायचं?"

बायकोने आदळआपट केली नाही. फोन उचलून बटणांच्या बरणीत टाकला आणि सुईदोरा पुढे केला. "ओवा."

दोरा नेढ्याच्या अवतीभवती फिरत राहिला, आत काही जाईना.

"हा हात आज कोटाला लागणार नाही. आणि यापुढे दोरा पहिल्या झटक्यात गेला, तरच डाव."

"बुद्धिबळ डोक्याने खेळतात."

"मग वजीर बोटाने कसा गेला?"

सकाळी ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या."

"कापल्या गेल्या, की कापल्यास?"

"कापल्या."

"का?"

"बदक जिंकलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मास्तरांनी मग सगळं सविस्तर सांगितलं.

"पहिलीत तू बूट उलटे घालून यायचास," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, सुधारलास. कापड टाकलं नाहीस ना?"

"चिंधीसुद्धा नाही, बाई."

"मग त्यातूनच कर. मी घालणार आहे."

घरी येऊन मास्तरांनी सुई ओवली. दोरा सरळ आत गेला. तरी त्यांनी फोन मागितला नाही, खडू मागितला. चुकलेल्या बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा वरचा गोलवा, खाली उतरवून नव्याने कापला आणि ती उजवी केली. साहजिकच ती आखूड झाली, म्हणून चांगली बाहीही तेवढीच कापावी लागली. तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि बायकोने ते उघडायला लावले. दोन्ही मनगटांना काळ्या मखमलीच्या रुंद पट्ट्या लावून लांबी भरून काढली.

कार्यक्रमात मागच्या रांगेतल्या दोन शिक्षिका त्या पट्ट्यांवरूनच कुजबुजत होत्या. "कुठून शिवला असेल गं? अशी फॅशन आपल्याकडे कुणाला सुचते?" मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात बरणीतून परत खिशात आलेला फोन थरथरला. बदक डावाला बोलावत होतं.

मास्तरांनी कॉलरखाली खोचलेली सुई काढली, दोरा लावून पाहिला. जाईना.

"हरलात का?" शेजारी बसलेल्या बायकोने हळूच विचारलं.

"खेळलोच नाही अजून."

"मग हात का कापतोय?"

व्यासपीठावर बाई मुलांना निरोप द्यायला उजवा हात वर करत होत्या, उंच, आणखी उंच.

"मुंढा टिकतो का बघू दे," मास्तर म्हणाले.

बाईंनी हात पुरता वर नेला, जोरात हलवला आणि खाली आणला. शिवण जागची हलली नाही. मास्तरांनी सुईदोरा पुन्हा ओवायला घेतला, तर बायकोने तो काढून घेतला.

"सुईला एकदाच विचारायचं असतं."