खांबावर चढणाऱ्या मावशी

सिग्नलच्या खांबावर चढण्याआधी मावशी लोखंडाला तळवा लावून क्षणभर उभ्या राहायच्या. कितीतरी दिवस मला वाटायचं, खांबाला नमस्कार करतात. शेवटी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "नमस्कार कसला भाऊ, किती तापलंय ते बघते. वर गेल्यावर चटका बसला म्हणून हात सोडता येत नाही."

मी तेव्हा बदलापूरला रेल्वेच्या केबिनमध्ये होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या काळी तुम्ही अंबरनाथहून पुढे प्रवास केला असेल, तर ते जुने सिग्नल तुम्हाला आठवत असतील. रुळांवरून आडवी गेलेली लोखंडी कमान, कमानीवर उभे खांब आणि प्रत्येक खांबाला एक लाल हात. हात आडवा असेल तर गाडीने थांबायचं, खाली पडला की निघायचं. मी केबिनमध्ये लिव्हर ओढायचो, रुळांच्या कडेने गेलेली तार ताणली जायची आणि तिकडे लांब हात पडायचा. ती तार आणि ते हात ठाकठीक ठेवणाऱ्या माणसांत या मावशी एकट्या बाई होत्या.

त्यांचे यजमान याच कामावर होते. काविळीने गेले. पदरात दोन मुली, म्हणून मावशींना त्यांच्या जागी नोकरी मिळाली. साहेब भला माणूस. त्याने स्टेशनवर पाणी भरण्याचं काम देऊ केलं. मावशी म्हणाल्या, मालक करायचे तेच काम द्या. साहेब त्यांना परोपरीने समजावत होता, तेवढ्यात त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, चपला काढून ठेवल्या आणि समोरच्या खांबावर चढू लागल्या. खाली सगळे श्वास रोखून उभे. शेंड्याला पोचल्यावर वरून आवाज आला, "आले वर. आता काय करायचं ते सांगा."

हे मी ऐकलेलं. पण पुढे रोज डोळ्यांनी पाहिलं. केबिनच्या खिडकीतून कमान दिसायची. तिथे उंचावर, तारांच्या जाळ्याच्याही वर, त्या तेलाची बुधली कमरेला लावून सिग्नलच्या लाल-हिरव्या काचा फडक्याने पुसत असायच्या. मागे टावलीचा डोंगर. मी कोकणातला, माडावर चढणारी माणसं लहानपणापासून पाहिलेली. तरी मावशी वर असल्या की माझ्या हातातला चहा निवून जायचा.

उन्हाळ्यात तार तापून सैल पडायची आणि हात पुरता खाली यायचा नाही. मी निरोप धाडायचो की हात अर्धाच पडतोय. मावशी येऊन तार ताणून द्यायच्या आणि जाताना खिडकीखालून सांगून जायच्या, "अर्धं म्हणजे नाहीच, भाऊ. ड्रायव्हरने काय समजायचं?"

हा त्यांचा कायदा जगातल्या सगळ्या गोष्टींना लागू होता. भात अर्धवट शिजला, तर शिजलाच नाही. थोरल्या मुलीला चामटोलीचं स्थळ आलं. ते लोक हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. मावशींनी स्वतः जाऊन सांगितलं की अर्धं म्हणजे नाहीच, आणि मुलीला नर्सिंगला घातलं. एकदा मी अर्धी दाढी करून धावत ड्यूटीवर आलो, तेव्हा मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग नुसत्या हसल्या. तेवढं पुरलं.

मग दिव्यांचे सिग्नल येणार अशी बातमी आली आणि हां हां म्हणता नवे खांब उभेही राहिले. सुरू होईपर्यंत त्यांच्या तोंडावर गोणपाट बांधलेलं होतं. आम्हाला वाटलं, मावशींना वाईट वाटेल. त्यांनी नव्या खांबाभोवती फेरी मारली, तेल कुठे घालायचं विचारलं. तेल लागत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. धुक्यातही लांबून दिसेल."

जुने हात उतरवायचा दिवस रविवार होता. सकाळी गाड्या थांबवून गाड्यांच्या वरच्या तारांची वीज बंद केली होती. ठेकेदाराची माणसं उल्हासनगरहून आली होती. त्यांतला एक पंचविशीचा गडी सगळ्यात उंच खांबावर चढला. त्याने बोल्ट काढले, दोराने तो लाल हात खाली सोडला. वजन सुटलं तसा खांब थरारला. एवढंच झालं, पण त्या गड्याने खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

खालून हाका मारून झाल्या. ठेकेदार ओरडला, मग विनवू लागला. गडी हलेना. दोघं कमानीपर्यंत जाऊन परतले. तो पाय झाडत होता, जवळ जाणार कोण? तो खाली आल्याशिवाय वीज सुरू करता येत नव्हती, आणि त्याची मिठी तर सैल होत चालली होती.

मावशी त्या दिवशी नुसत्या बघायला आल्या होत्या. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

त्या त्याच्या पायांशी जाऊन थांबल्या. उतर म्हणाल्याच नाहीत. गाव कुठलं, घरी कोण कोण, असं त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज फुटला. मग त्यांनी त्याचा घोटा पकडला. सकाळच्या शांततेत मला केबिनच्या खिडकीत सगळं ऐकू येत होतं. "मेरा हाथ है तेरे पाँव पे. आँख मत खोल. जिधर मैं रखती, उधर पाँव रख."

खांबाच्या एकेका लोखंडी पायरीवर त्या त्याचा पाय टेकवत होत्या. एका हाताने स्वतःला धरलेलं, दुसऱ्या हातात त्याचा घोटा. पन्नाशीला आलेली बाई! कमानीवर पोचल्यावर तो तिथेच बसकण मारून रडू लागला. आता इथेच राहतो म्हणाला.

"आधा उतरा मतलब नहीं उतरा, बेटा," मावशी म्हणाल्या. "चल."

तो उतरला. खडीवर बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठेकेदाराने डोक्याचा रुमाल काढला आणि तसाच उभा राहिला. माझा हात सवयीने लिव्हरवर गेला. तार तोडलेली होती. लिव्हर कागदासारखा हलका आला. तेवढ्यात खिडकीतून पाहतो तर मावशी पाना घेऊन पुन्हा वर चाललेल्या. हात उतरला होता, पण त्याच्या पट्टीचे दोन बोल्ट वर राहिले होते.

पुढे त्या निवृत्त झाल्या, धाकट्या मुलीकडे नाशिकला गेल्या आणि तिथेच वारल्या.

त्यानंतर कधीतरी तो गडी बायकोला घेऊन केबिनखाली आला. हातात मावशींसाठी साडीचं पुडकं. मावशी गेल्याचं मी सांगितलं. तसा तो बायकोला रुळांच्या कडेला घेऊन गेला. तोवर कमानही काढून नेली होती. त्याने बोट वर करून तिला जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. पण ती डोळ्यांवर हाताची सावली धरून मान जाईल तेवढी वर करून बघत राहिली, आणि मग कोणी न सांगता तिने डोक्यावर पदर घेतला.